टोपणाखालचं पांढरं

पावसाळा मध्यावर आला असताना एके सकाळी मी गाडीचं बॉनेट उचललं, ऑईल टाकायचं टोपण फिरवून काढलं, आणि टोपणाच्या आतल्या अंगाला पांढरं दिसलं. दुधावर साय धरते तसं जाडसर, पिवळट पांढरं. ट्रकवाल्याची बायको होते मी. जुन्या गाडीचं ऑईल काळंकुट्ट असतं, एवढं मला कळत होतं. हे भलतंच काहीतरी होतं. बोटावर घेतलं तर गार, बुळबुळीत लागलं, आणि मी ते घाईघाईनं पदराला पुसलं. कारण ह्यांना डिंभ्याच्या चढाला ज्यानं पहिल्यांदा बघितलं, त्यानं मला सांगितलं होतं की तोंडाच्या कडेला थोडा पांढरा फेस होता. नको ते सांगू नये माणसानं. पण त्यानं सांगितलं, आणि ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

‘हे’ म्हणजे माझे मालक. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि आता घेऊन तरी काय करू? तळेघरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. भाताची खाचरं, वरच्या उतारावर थोडी नाचणी, आणि दारात ही जुनी गाडी, पुढं लांब नाक असलेली, आता रस्त्यावर दिसत नाहीत तसली. हे तिच्यात कधी हिरडा, कधी भाताची पोती, कधी कुणाच्या विटा भरून घोडेगाव-मंचरला उतरायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. मुक्कामाची ट्रिप त्यांनी कधी घेतली नाही. मुंबईचा माल चालून आला तरी नको म्हणायचे. का, तर आई.

माझी सासू गाडी दारात आल्याशिवाय ताटावर बसायची नाही. गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला की पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन ती बाहेर निघायची. पुढच्या चाकावर पाणी ओतायची, तुकडा लेकावरून आणि गाडीच्या नाकावरून ओवाळून लांब फेकायची, आणि मगच ह्यांनी खाली उतरायचं. दिवसभर रस्त्यावर काय काय चिकटून येतं, ते दाराबाहेर राहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी माहेरची खोडदची, सपाटीवरची. लग्न होऊन आले तेव्हा मला हे बघून हसू यायचं. माणसाला ओवाळतात, नवरीला ओवाळतात, ट्रकला कोण ओवाळतं? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, रोज उतारानं जानारं हाय, त्याला रोज ओवाळायचं. पुढं मी काही बोलले नाही.

त्या साली होळीच्या सुमारास हे गेले. डिंभ्याच्या चढाला छातीत कळ आली असणार. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, आणि तसेच सीटवर बसून गेले. गाडीला साधा ओरखडा नाही. मरतानाही गाडी नीट लावून गेला, असं लोक कौतुकानं सांगत यायचे. मला त्या कौतुकाची तिडीक जायची डोक्यात. गाडी लावायला वेळ मिळाला, मग एक हाक मारायला का नाही मिळाला? पण हे कुणाला विचारायचं?

सासूबाईंना आदल्या वर्षापासूनच विसर पडायला लागला होता. डोळ्यांतही मोतीबिंदू उतरला होता. लेकाचा देह जीपमधून आला तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, ऊर बडवून रडल्या, आणि संध्याकाळी मला विचारलं, गाडी आली का गं? मला वाटलं, धक्का बसलाय, होईल कमी. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसभर काही ना काही पोटात जायचं, पण ते म्हणजे सकाळी घोटभर चहा आणि दुपारी मूठभर भात. पोटभर जेवण ते संध्याकाळचंच, आणि संध्याकाळी ताट पुढं केलं की त्या म्हणायच्या, गाडी येऊ दे. बळंच घास भरवला तर तोंडातून काढून ताटात ठेवायच्या. दहाव्यापर्यंत हाडांचा सापळा झाला होता बाईचा. बायका म्हणायच्या, लेकामागोमाग जानार बघ आता ही.

मग दिवसकार्य उरकल्यावर माझा धाकटा भाऊ गाडी घरी घेऊन आला. तो खोडदला दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. संध्याकाळची वेळ. सासूबाई आत ग्लानीत पडल्या होत्या, वळणावरचा आवाज त्यांना कळलाच नाही. त्यानं अंगणात गाडी लावली आणि इंजिन बंद करायच्या आतच सासूबाई तांब्या घेऊन बाहेर. चाकावर पाणी घातलं, तुकडा ओवाळला, आत येऊन ताट मागितलं आणि आख्खी भाकरी खाल्ली. मी चुलीपुढं बसून बघत राहिले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच मोकळं रडायला आलं.

भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. संध्याकाळी गाडी डोळ्यांसमोर अंगणात उभी, तरी सासूबाई म्हणाल्या, गाडी आली न्हाई अजून. त्यांचं सगळं बघणं कानांनीच चालायचं. आवाज झाला तर गाडी आली, नाहीतर नाही. पुन्हा दोन दिवस ताट तसंच उचललं, आणि तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी मी पदर खोचला आणि गाडीत चढले.

गाडी चालू करता मला यायची. थंडीच्या सकाळी हे चहा पीत बसायचे आणि मला म्हणायचे, जा, गाडी तापव. चालवायला मात्र कधी शिकवलं नाही. त्या दिवशी मी दार उघडलं आणि सीटकडं बघून पाय मागं आला. सीटला त्यांच्या बसण्यानं खळगा पडला होता. तिथंच ते गेले होते. डॅशबोर्डवर त्यांचा कंगवा, तंबाखूची डबी, सगळं होतं तिथं होतं. मी डोळे मिटून त्या खळग्यात बसले. आरसा त्यांच्या उंचीला लावलेला, त्यात मी दिसेना, नुसतं मागचं आभाळ दिसत होतं. सेल्फ मारला. गाडी थरथरली, सीट थरथरली, आणि शेजारी कुणीतरी सरकून बसल्यासारखं वाटलं. मी तिकडं बघितलं नाही.

खाली पाण्याचा आवाज आला. सासूबाई चाक धूत होत्या. एक भाकरी भाजून व्हावी एवढा वेळ मी इंजिन चालू ठेवलं, मग बंद केलं आणि खाली उतरले. त्यांनी विचारलं, “आला का गं?”

“आला,” मी म्हटलं. “मागं हातपाय धुतोय.”

त्या जेवल्या. जेवण होईपर्यंत विसरल्या आणि जाऊन पडल्या. खोटं बोलले मी. मग? कुणाचं काय बिघडलं? ज्यांना खरं बोलायची हौस होती त्यांनी येऊन तो सापळा सांभाळायचा होता. मी रोज खोटं बोलले आणि म्हातारीच्या अंगावर मांस चढलं.

असा उन्हाळा गेला. वाडीत मी सांगितलं होतं, बॅटरी उतरू नये म्हणून चालू करते. भावालाही तेच सांगितलं. तो महिन्यातून एकदा डिझेलचा कॅन घेऊन यायचा. कुणाचा विश्वास बसला, कुणाचा नाही. पाऊस लागला तसं धुकं अंगणात उतरलं, हाताला हात दिसेना, आणि त्या धुक्यात रोज ठरल्या वेळेला गाडी सुरू व्हायची. वरच्या घरातल्या बायका सांजवात लावून दार लोटून घ्यायच्या. त्याचा जीव गाडीत अडकलाय, असं बोलणं माझ्या कानावर यायला लागलं.

आणि माझं तरी काय वेगळं होतं? सासूबाईंनी मागं डोकावलं तर खोटं उघडं पडायला नको, म्हणून मी परसात ऊन पाण्याची बादली ठेवायला लागले. मग शेजारी टॉवेल. मग ह्यांच्या चपला. सासूबाई कधीच डोकावल्या नाहीत, पण बादली ठेवणं माझं चुकेना. सकाळी ते गार पाणी आळूच्या वाफ्यात ओतताना मी आधी बघायची, कमी झालंय का. एकदा कमी झालं होतं. कुत्रं प्यालं असेल. कुत्रंच प्यालं असणार. पण त्या दिवशी मी दोनदा केस विंचरले, हे माझं मलाच संध्याकाळी लक्षात आलं.

आणि अशात ते टोपणाखालचं पांढरं. वरच्या घरातली एक बाई तेव्हा नेमकी आली, तिनं बघितलं, आणि तोंडावर पदर घेऊन म्हणाली, ह्ये साधं न्हाई, देवऋष्याला दाखीव. मी तिला फटकारून लावलं. तुझ्या चुलीतलं बघ म्हटलं. ती गेल्यावर मात्र बॉनेटला टेकून उभी राहिले.

घोडेगावचा मिस्तरी निरोप मिळाल्यावर मोटारसायकलीवर वर आला. टोपण बघितलं, बोट फिरवलं, कपड्याला पुसलं. हेड गॅस्केट गेलंय म्हणाला, नाहीतर ब्लॉकला चीर असेल. रेडिएटरचं पाणी ऑईलात उतरतंय. आता सेल्फ मारूच नका, आतली बेरिंगं खाऊन टाकील. इंजिन उतरवून खाली न्यायला लागेल आणि खोलायला लागेल. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, ह्या पावसात, दिवाळी धरा.

दिवाळी! एक दिवस आवाज नाही झाला तर म्हातारी ताटाला हात लावत नव्हती, आणि हा दिवाळी धरा म्हणत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवून गाडीजवळ गेले नाही. सासूबाई तांब्या मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या त्या बसूनच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पाऊस तिरपा आत येत होता आणि त्यांच्या लुगड्याचा काठ भिजत होता, तरी उठायला तयार नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जळो ते इंजिन. चढले आणि सेल्फ मारला. सेल्फ मारताना मात्र जीव मुठीत होता. आज बंद पडली तर? उद्या पडली तर? गाडी मेली की तिच्यामागोमाग ही. रोज संध्याकाळी मी एकीला जगवायला दुसरीला मारत होते, आणि मिस्तरीनं सांगितल्यापासून ते मला प्रत्येक थरथरीत कळत होतं.

तळेघरच्या टेलिफोन बूथवर चालत गेले आणि खोडदला शेजारच्या दुकानात निरोप ठेवला. भाऊ दोन दिवसांत आला. येताना एसटी घाटात अडकली म्हणून पुढं चालतच आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. खोडदला तोवर रेडिओ-दुर्बिणीच्या त्या अवाढव्य ताटल्या उभ्या राहिल्या होत्या. चहा पिताना तो सासूबाईंना त्याचंच सांगत होता, तिथं म्हणे आभाळातून येणारं ऐकतात, माणसाच्या कानाला न येणारं. सासूबाई म्हणाल्या, आमी बी ऐकतो.

मग तो गाडीकडं वळला. मिस्तरी काय म्हणाला ते मी सांगितलं. त्यानं ते लगेच मानलं नाही. आधी विचारलं, रेडिएटरमध्ये पाणी किती घालायला लागतं? मी म्हटलं, उन्हाळ्यात एकदा भरलं त्यानंतर थेंब नाही. त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी गळ्यापर्यंत होतं, आणि वर तेलाचा तवंग नाही. मग झाकण उघडंच ठेवून गाडी चालू केली आणि आत बघत राहिला. गॅस्केट गेलं असतं तर भाताला आधण आल्यासारखे बुडबुडे आले असते, म्हणाला. पाणी गप होतं. ऑईल मापायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून ओढली. खालचं ऑईल काळंच होतं, फक्त वरच्या कडेला पांढुरकी रेघ होती.

ऑईलात खरंच पाणी आहे का, ते बघायला मी चुलीवर जुना तवा ठेवला. हे असं करायचे, मी पाहिलं होतं. तवा तापल्यावर पट्टीवरचा थेंब टाकला, तर तडतड उडाला. सासूबाई आतून म्हणाल्या, फोडणी कशाची गं?

आता कोडं असं, की ऑईलात पाणी आहे आणि रेडिएटरमधलं कमी झालेलं नाही. मग आलं कुठून? भावाचं लक्ष उंबऱ्यातल्या तांब्याकडं गेलं. दबक्या आवाजात मला म्हणाला, मावशी कुठं कुठं पाणी घालत्यात? म्हणजे त्याचा संशय तिकडं! मी भडकलेच. म्हटलं, त्या बाईला दोन पावलं काठीशिवाय चालवत नाही, ती बॉनेट उचलून टोपण फिरवून पाणी ओतणार होय? तो म्हणाला, रागवू नको, मला संध्याकाळी बघू दे काय करतेस ते.

आणि त्यानं बघितलं. पडवीत खांबाला टेकून उभा होता. मी चढले, सेल्फ मारला. सासूबाईंनी पाणी घातलं, तुकडा फेकला. मी इंजिन बंद करून उतरले, आला म्हणाले, मागं हातपाय धुतोय म्हणाले. माझ्या भावानं परसातली बादलीही बघितली असणार, कारण सासूबाई जेवायला बसल्यावर तो मागून आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. तो गाडीकडं गेला आणि इंजिनवर पंजा ठेवला. मी जवळ गेले तर माझा हात धरून त्यानं तिथं टेकवला. नुसतं कोमट होतं.

“आक्का, गाडीला काय झालं न्हाई,” तो म्हणाला. “तू तिला तापूच देत न्हाईस.”

मग त्यानं समजावून सांगितलं. इंजिन चालू झालं की आत वाफ धरते, त्यात ह्या दिवसांत इथली हवाच ओली. गाडी रस्त्यावर तासन् तास पळाली की सगळं तापतं आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पण तापायच्या आत बंद केली की ती आतच राहते आणि भाताच्या झाकणाला थेंब धरतात तशी टोपणाला धरते. ऑईलात मिसळते, पांढरी होते. रोजची थोडी थोडी. इंजिन खोलायची गरज नाही. एक दिवस लांब न्यायची, माल भरून चढाला ओढायची, आणि परत आल्यावर बघायचं. टोपण स्वच्छ झालं तर आपलं खरं, पांढरं राहिलं तर मिस्तरीचं.

बॅटरीचं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते. तो एवढंच म्हणाला, किती दिवस करतीस हे? मी म्हटलं, ती जेवेल तितके दिवस.

सकाळी तो गाडी घेऊन निघाला. वाडीतल्या सगळ्यांना भातासाठी युरिया हवा होता, तो मंचरहून भरून आणायचा ठरला, म्हणजे येताना चढाला ओझंही झालं असतं. गाडी वळणाआड गेली आणि अंगणात तिच्या जागी कोरडा चौकोन राहिला, भोवती चिखल. पाऊस पडून थोड्या वेळात तोही भिजला. दिवसभर मला काही सुचलं नाही. भात लावलेल्या खाचरात गेले आणि न निंदताच परत आले. डिंभ्याचा चढ डोळ्यांपुढून हलेना. त्याच चढानं तीच गाडी, त्याच सीटवर माझा भाऊ. नको ते मनात येत होतं.

दिवे लावायची वेळ झाली. धुकं उतरलं होतं. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर तांब्या. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, आणि लांबून, खूप खालून, आवाज आला.

इतके महिने मी गाडीचा आवाज ऐकत होते, पण तो अंगणातला, एका जागचा. हा येणारा आवाज होता. दरीतून वर चढत होता, मध्येच डोंगराआड जात होता, पुन्हा मोठा होत होता. शेवटच्या वळणावर हॉर्न वाजला. त्याच वळणावर हे वाजवायचे. माझ्या हातातलं पीठ तसंच. मी उठले, पळाले, सासूबाईंच्या मांडीवरचा तांब्या हिसकावून घेतला आणि अंगणात गेले. डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. हे आले. सगळं खोटं होतं, होळीपासूनचं सगळं, आणि हे आले. धुक्यातून दोन दिवे वर आले आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, “आत्याबाई, आले!”

मागून सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. “ह्यो त्यो न्हवं.”

मी वळून बघितलं. त्या उठल्याच नव्हत्या. “त्यो वळणावर अशी वढायचा न्हाई गाडी,” त्या म्हणाल्या. “त्यो आदीच गेर पाडायचा, जांभळीपाशी. ह्यो कुनी दुसरा हाय.”

गाडी अंगणात आली, थांबली. भाऊ खाली उडी मारून उतरला, खुशीत होता. आक्का, ये, बघ म्हणाला. बॉनेट उचललं, फडक्यानं धरून टोपण काढलं, बॅटरीचा उजेड टाकला. आतलं अंग काळं, चकचकीत, कोरडं. पांढऱ्याचा मागमूस नाही. इंजिनाची धग तोंडावर येत होती. पट्टीवरचा थेंब घेऊन तो चुलीपाशी आला आणि तापल्या तव्यावर टाकला. थेंब गुमान पसरला, त्यातून धूर निघाला, पण तडतडला नाही. गाडी ठणठणीत आहे, म्हणाला. इंजिन खोलायचं टळलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या गप थेंबाकडं बघत बसले.

सासूबाई भिंत धरून चुलीपाशी आल्या, माझ्यासमोर बसल्या. चुलीच्या उजेडात त्यांचे पांढुरके डोळे नेमके माझ्यावर होते.

“त्यो गेला न्हवं?”

इतक्या महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “गेले.” तोंडून तो शब्द मीही पहिल्यांदाच काढला होता. लोकांपुढं मी नेहमी ‘ते झालं तेव्हा’ असं म्हणायची.

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड चाचपून आत सारलं. मग म्हणाल्या, “मग रोज सांच्याला तू कुनाला आनत व्हतीस गं?”

भाऊ उठून बाहेर गेला. सासूबाई रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या, जसं घरात रोज कुणी पाहुणा यावा आणि एके दिवशी त्याची ओळख विचारावी. परसातली बादली, टॉवेल, चपला, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

“वाढ मला,” त्या म्हणाल्या. “आता कुनाची वाट बघायची?”

त्या जेवल्या. भाकरी मोडून, कालवणात कुस्करून, हळूहळू सगळी संपवली. ज्या गोष्टीसाठी मी एवढे दिवस जीव टांगणीला लावला होता ती इतक्या सहज झाली. त्या रात्री माझं ताट मात्र तसंच उचललं.

सकाळी भाऊ म्हणाला, गाडी खोडदला नेतो. तिथली हवा कोरडी, कांद्या-टोमॅटोचा माल रोजचा, गाडी पळती राहील. त्याचं बरोबर होतं. मी हो म्हटलं. निघताना त्यानं कंगवा आणि तंबाखूची डबी काढून माझ्या हातात दिली आणि आरसा खाली, त्याच्या उंचीला ओढून घेतला. तेवढं मात्र मला बघवलं नाही. मी आत निघून गेले आणि आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत आतच राहिले.

संध्याकाळी दिव्याची वेळ झाली तशी मी उठले. हात धुतले, पदर खोचला आणि अंगणात गेले. पाय आपोआपच गेले. गाडीच्या दारापर्यंत जाऊन हात वर केला तर तिथं काही नव्हतं. चाकांच्या खुणांत पाणी साचलं होतं. घरात परत वळावं एवढंही मला सुचेना. धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता, आणि मी गाडीच्या जागी उभी होते.

मागं काठीचा आवाज झाला. सासूबाई येत होत्या. एका हातात काठी आणि तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. म्हटलं, कालचं सगळं विसरल्या, पुन्हा पहिल्यापासून. आणि मी ‘आला’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

त्यांनी काठीनं चाचपत माझा पाय शोधला. वाकल्या, आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. दोन्ही पायांवर, नीट. मग भाकरीचा तुकडा माझ्या डोक्यावरून ओवाळला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून धुक्यात फेकून दिला.

“चल आत,” त्या म्हणाल्या. “लई दिस झालं, भाईरच हाईस.”